दार लावून घेतलं

आई गेल्यावर बाबांना बेळगावहून बंगळूरला आणलं. मल्लेश्वरमच्या घरातली पहिलीच रात्र, आणि ते असे घोरले की माझा मुलगा हसून गादीवर लोळला. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. त्यात एके ठिकाणी घोरणं एकदम थांबतं, बराच वेळ काहीच नाही, मग गुदमरून श्वास ओढल्यासारखा आवाज. सगळे सगळ्यांत जास्त हसले ते त्या जागेला.

आठवडाभरानं बाबांना मागच्या खोलीत हलवलं आणि दार लावून घेतलं.

दिवसा ते पेपर हातात घेऊन पेंगायचे. आठव्या क्रॉसला भाजी आणायला गेले आणि भलतीकडून रिक्षानं परत आले, पिशवी रिकामी. गॅस दोनदा तसाच राहिला. मी म्हणायचे, आईचं दुःख आहे, नवं गाव, कानडी पाट्या. बेळगावात जन्म काढलेल्या माणसाला कानडी पाट्या कशाला अडतील? पण मला कारण हवं होतं, म्हणजे सुट्टी काढायला नको. ‘रात्री झोप पुरत नाही गं,’ असं ते म्हणाले तेव्हा मी माझ्याच झोपेच्या गोळीतली अर्धी दिली. अशा गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात, हे मला कुठं माहीत!

आमचे डोळे उघडले बेळगावच्या प्रवासात, राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये. सकाळी समोरच्या बर्थवरचे गृहस्थ म्हणाले, ‘तुमच्या वडिलांचा श्वास मध्येच थांबतो. मी दोनदा उठून पाहिलं.’ परक्या माणसानं एका रात्रीत पाहिलं ते मला सहा महिन्यांत दिसलं नव्हतं.

झोपेची तपासणी झाली. तासाला ४१ वेळा श्वास अडत होता; ३० च्या पुढे गेलं की आजार तीव्र धरतात. डॉक्टरांनी विचारलं, ‘यांच्या शेजारी कोण झोपतं?’ मी गप्प. चाळीस वर्षं आई झोपेतच कोपर मारून त्यांना कुशीवर वळवायची. उताणं झोपलं की जीभ मागं सरते, श्वासाची वाट बंद होऊ शकते. आम्ही त्याला तिची कटकट म्हणत होतो.

मग वाचत सुटले. अमेरिकेत २९८ वृद्ध स्त्रियांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडणाऱ्यांपैकी ४४.८ टक्क्यांना पाचेक वर्षांत विस्मरणाची सौम्य तक्रार किंवा डिमेन्शिया जडला, बाकीच्यांत ३१.१ टक्क्यांना. एकामुळेच दुसरं होतं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. इथल्याच आयआयएससी या विज्ञान संस्थेच्या आवारात सेंटर फॉर ब्रेन रिसर्च आहे, कोलारच्या श्रीनिवासपूर भागातल्या गावकऱ्यांचा मेंदू म्हातारपणी कसा बदलतो हे तिथं अभ्यासतात. मी रोज त्याच आवारावरून ऑफिसला जात होते.

झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन आणलं आणि नवी चूक केली. रोज सकाळी परीक्षा: ‘बाबा, आज वार कोणता? काल काय जेवलात?’ जणू रात्रभर हवा भरली की सकाळी स्मरणशक्ती परत. ते चिडले, मास्क फेकला, आठवडा वाया गेला. परीक्षा बंद केल्यावर मास्क परत चढला. पेंगणं बरंच कमी झालं. नावं अजून निसटतात.

आता मधलं दार उघडं असतं. परवा रात्री वीज गेली, मशीन बंद पडलं, आणि त्या शांततेनं मी खडबडून उठले. बाबा मास्क काढून केव्हाच कुशीवर वळले होते, भिंतीकडे तोंड करून, आईची बाजू रिकामी सोडून.