टिग की मिग

आज भोसरीच्या शेडमध्ये दूधप्रकल्पाची स्टेनलेसची पाइपलाइन टिग वेल्डिंगने जुळवताना पोरांनी विचारलं, मिगने लवकर उरकलं नसतं का? उरकलं असतं. मिगमध्ये तारच इलेक्ट्रोड. ट्रिगर दाबला की ती वितळत पुढे सरकते. चॅसिस, गेट, जाड ब्रॅकेट यांना मी मिगच वापरेन. पण तिथे तारेचा वेग वाढवला की करंटही वाढतो; दोन्ही एकमेकांना बांधलेले. उष्णता कमी पडली तर बीड वरून देखणी दिसते आणि खालचा धातू वितळलेलाच नसतो. ही फसवणूक मला सहन होत नाही.

टिगमध्ये इलेक्ट्रोड टंगस्टनचा. तो वितळायला सुमारे ३,४२२ अंश सेल्सिअस लागतात, म्हणून त्याचं टोक आर्कमध्ये टिकतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलर, पायाखाली पेडल. उष्णता वेगळी, भर वेगळी. पाइपच्या आतूनही आर्गन सोडावाच लागतो; नाहीतर मुळाशी क्रोमियमचं ऑक्सिडेशन होऊन काळा, खरबरीत थर धरतो आणि त्या खाचांत दूध अडकून जंतू वाढतात. वेळ जातो, मनगट भरून येतं. जाड पाइपला पहिला पास टिगने आणि वरचा भराव मिगने, हे मला मान्य आहे. या पातळ नळ्यांना मात्र नाही.