डोंगर उतरण्याची विद्या

दिवाळी सरली की माझ्या दवाखान्यातल्या दुखण्यांची जात बदलते. पावसाळाभर माना आणि कंबरा येत असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून सोमवारी-मंगळवारी मांड्या धरून, कठड्याला टेकत जिना उतरणारी तरुण मंडळी दिसू लागतात. कुणी चिखलीचा, कुणी मोशीचा, कुणी चाकणमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा. बहुतेक जण कारखान्यात पाळीवर काम करणारे आणि आदल्या रविवारी मित्रांबरोबर पहिल्यांदाच डोंगरावर धावून आलेले. तक्रार साधारण एकच असते : ‘‘डॉक्टर, चढताना काही झालं नाही, दम लागला तेवढाच. आज मात्र खुर्चीत बसता येत नाही.’’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. थंडीच्या दिवसांत दर रविवारी डोंगरवाटांवर धावणाऱ्या एका गटात बरीच वर्षं आहे. दवाखान्यात जे पाहतो आणि डोंगरावर जे पाहतो त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. डोंगरावर धावणं शिकायचं म्हणजे मुख्यतः उतरणं शिकायचं. चढ तुमच्या छातीची परीक्षा घेतो. छातीतला दम रस्त्यावर धावूनही वाढवता येतो. उतरायला मात्र डोंगरच लागतो आणि आठवड्याच्या आठवड्याला लागतो.

याचं कारण स्नायूंच्या कामात आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार आवरून धरत असतो. याला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. यात दम फारसा लागत नाही, म्हणून माणूस फसतो. स्नायूतंतूंमध्ये बारीक इजा होतात, आणि दुखणं त्या दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. थिओडोर हफ या अमेरिकी अभ्यासकाने १९०२ सालीच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचं वर्णन करून ठेवलं आहे. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. एकदा अशी इजा भरून आली की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला पुरून उरतो. पहिल्या रविवारी ज्या उताराने मांड्या धरल्या, तोच उतार दोन आठवड्यांनी उतरलात तर दुखणं निम्म्यावर येतं. मात्र महिना-दोन महिने खंड पडला की हे संरक्षण ओसरू लागतं. म्हणून वर्षातून एकदा सिंहगड-राजगड-तोरणा असा मोठा पल्ला मारणाऱ्यापेक्षा दर रविवारी एखादी टेकडी शहाणपणाने उतरणाऱ्याचे पाय मला जास्त भरवशाचे वाटतात.

आमच्या नशिबाने अशा टेकड्या दाराशी आहेत. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शेलारवाडीजवळ घोरावडेश्वर, इंदुरीच्या बाजूला भंडारा डोंगर आणि चाकण एमआयडीसीच्या अगदी कुशीत, शिंदे-वासुलीजवळ भामचंद्र. तिन्ही डोंगर तुकाराम महाराजांच्या साधनेशी जोडलेले. घोरावडेश्वरला प्राचीन बौद्ध लेणी, भामचंद्रला कातळातल्या गुहा. भामचंद्राच्या पायथ्याशी २००८ साली एका रासायनिक कंपनीचं संशोधन केंद्र येत होतं, तेव्हा वारकरी आणि ग्रामस्थ त्याविरुद्ध उभे राहिले होते. आज माथ्यावरून खाली पाहिलं तर कारखान्यांच्या पत्र्यांचा पांढरा-निळा पसारा दिसतो आणि त्यात आमच्यातल्या कुणाची तरी कंपनी असतेच. ‘‘तो बघ आमचा पेंट शॉप,’’ असं कुणीतरी दर वेळी म्हणतं.

हे सगळे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे. टणक थर कातळ आणि कडे होऊन उभे राहिले, मऊ थर झिजून त्यांचा मुरूम झाला. धावणाऱ्याच्या पायाला हा फरक पावलोपावली कळतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, ते धोक्याचं; पण ओला मुरूम पाऊल धरून ठेवतो. थंडीत उलटं होतं. कातळ कोरडा, खडखडीत आणि भरवशाचा, तर मुरूम सुटा झालेला. डिसेंबरात टणक जमिनीवर बारीक खडे असे पसरलेले असतात की पायाखाली बेअरिंगचे छर्रे सांडल्यासारखं वाटावं. अशा घसाऱ्यावर नवखा माणूस घाबरून मागे रेलतो, टाच पुढे रोवतो आणि तिथेच घसरतो.

गेल्या हिवाळ्यातला एक प्रसंग सांगतो. घोरावडेश्वरच्या लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत. तिथून वर माथ्याकडे पायवाट जाते. त्या पायवाटेवरून उतरताना प्रेस शॉपमध्ये काम करणारा एक तरुण पहिल्यांदाच आमच्याबरोबर होता. अंगाने दणकट, चढताना सगळ्यांच्या पुढे. उतरायला लागल्यावर दहा-बारा ढांगांत त्याचा वेग त्याच्या हातून सुटला. ‘‘डॉक्टर, पाय थांबतच नाहीत!’’ तो ओरडला आणि शेवटी एका झुडपाला धरून थांबला. त्याला मी चार गोष्टी सांगितल्या. ढांग निम्मी कर, पावलं दुप्पट टाक. गुडघा कधीच पूर्ण ताठ करू नकोस. पायाच्या टोकाकडे बघू नकोस. तीन-चार मीटर पुढे बघ, पाऊल कुठे टाकायचं ते पायाला आपोआप कळतं. आणि मागे रेलू नकोस. अंग उताराच्या दिशेने घोट्यातून किंचित झुकव, हात बाजूला सैल सोड. पहिल्यांदा त्याला हे उफराटं वाटलं, उतारावर पुढे झुकायचं म्हणजे काय! पण लहान पावलांनी भार पायाच्या मधल्या भागावर येतो आणि प्रत्येक पावलाचा धक्का लहान होतो. तिसऱ्या प्रयत्नात तो त्याच पट्ट्यावरून थांबत-थांबत का होईना, पण स्वतःच्या ताब्यात उतरला. मार्चपर्यंत तो नव्या लोकांना हेच सांगत होता.

कारखान्यातल्या माणसाला या वाटांची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, असं मला वाटतं. आठ तास सपाट सिमेंटच्या जमिनीवर, पोलादी टोकाच्या जड सेफ्टी शूजमध्ये उभं राहायचं. तिथे ते बूट हवेतच, त्यात तडजोड नाही. पण त्यात पावलाचे आणि घोट्याचे बारीक स्नायू वर्षानुवर्षं बसून राहतात. डोंगरवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं. घोटा आत वळायच्या आधीच त्याला सावरणारे बाहेरच्या बाजूचे स्नायू पुन्हा कामाला लागतात. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला आहे त्यांनी मात्र आधी तयारी करावी, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. रोज दात घासताना एका पायावर उभं राहा, मग डोळे मिटून उभं राहा, मग एका पायावर हळूहळू बसून उठा. सहा आठवडे हे केलं की डोंगर.

आणि एक नियम आमच्या गटात कुणालाही मोडू दिला जात नाही. तिसरी पाळी करून आलेल्याने त्या दिवशी डोंगर धावत उतरायचा नाही. रात्रभर जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया मंदावलेली असते. मुरमाला त्याची दया नाही. यायचंच असेल तर त्याने चालत यावं. बरेच जण येतात, माथ्यावर बसतात आणि चहा पिऊन घरी जाऊन झोपतात. ज्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते त्यांच्यासाठी मधल्या वारी छोटी फेरी होते.

हिवाळ्यात वेळेचाही हिशेब असतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, किमान तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास असतं, काही पहाटे त्याहूनही खाली जातं. गार, जड हवा खोलगट भागात साचते, तिच्याबरोबर धूरही साचतो. म्हणून पायथ्याला नाक झोंबतं आणि वर गेल्यावर हवा उबदार आणि मोकळी लागते. पहिली वीस मिनिटं आम्ही चालतोच; थंड स्नायूंना एकदम उतार देणं म्हणजे इजेला बोलावणं. थंडीत तहान लागत नाही आणि घाम अंगावर टिकत नाही, त्यामुळे पाणी कमी प्यायलं जातं. म्हणून तहान नसली तरी थोडं थोडं प्यायचं. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की एवढं पुरतं.

गटाची रीत साधी आहे. पुढे वाट माहीत असलेला एक जण आणि सगळ्यात मागे बॅकलीड. वाट फुटते तिथे पुढच्याने थांबायचं आणि मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. आमचे बॅकलीड एक काका आहेत, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना ढांगेवरून कळतं की कोण थकलंय. उतारावर त्यांचा शब्द शेवटचा. ‘‘आता चालायचं,’’ असं ते म्हणाले की सगळ्यात वेगवान माणूसही चालतो. स्पर्धेच्या तयारीचे लोक कधीकधी या थांबण्याला वैतागतात. मी त्यांना आर्थर लिडियार्डची गोष्ट सांगतो.

लिडियार्ड न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला चपला-बुटांच्या कारखान्यात काम करायचा. १९५०च्या दशकात आसपासची पोरं घेऊन तो रविवारी वायटाकेरे डोंगररांगेत सुमारे ३५ किलोमीटरच्या फेरीला निघे. चढ-उतार भरपूर, पण वेग बोलता येईल इतकाच. त्यांतल्या पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये आणि मरे हालबर्गने ५००० मीटरमध्ये २ सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं मिळवली. बॅरी मॅगीने त्याच ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं कांस्य आणलं. आणि १९६२ साली ऑकलंडमध्ये जॉगिंगचा जो क्लब उभा राहिला, त्यात लिडियार्ड मध्यमवयीन आणि हृदयविकारातून उठलेल्या माणसांना त्याच विचाराने धावायला शिकवत होता. ऑलिंपिक विजेता आणि हृदयरोगी, दोघांनाही एकच पद्धत लागू पडली : दर आठवड्याला, सोबतीने आणि दम न तोडता.

आमच्या डोंगरांची काळजी मात्र वाटते. जानेवारीत गवत वाळतं, कुसळी मोज्यांत घुसतात आणि घरी येऊन एकेक उपटताना अर्धा तास जातो. तो त्रास मी आनंदाने सोसतो. त्याच वाळल्या गवताला कुणी काडी लावली, की दोन तासांत उतार काळा होतो. गवत गेलं की मुळं गेली, मुळं गेली की पुढच्या पावसात माती वाहून जाते आणि वाटेवर उरतो तो सुटा मुरूम. वणव्याने डोंगर उघडा तर पडतोच, शिवाय उतरायला जास्त धोक्याचा होतो. माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगरावर हजारो माणसं येतात. त्या गर्दीनंतरच्या रविवारी आम्ही धावत नाही, पिशव्या घेऊन वाटा साफ करतो. आणि वाटेचं वळण टाळून सरळ खाली उतरण्याचा मोह आवरायला सांगतो. आडव्या-तिडव्या चोरवाटांतून पावसाचं पाणी उतरतं आणि वर्ष-दोन वर्षांत तिथे घळ पडते.

हा अंक हातात पडेल तेव्हा थंडी नुकतीच सुरू झालेली असेल. कधीच डोंगरावर धावला नसाल तर हाच मुहूर्त. पहिले चार रविवार चढताना वाटेल तेवढं धावा, पण उतार पूर्ण चालत उतरा. पाचव्या रविवारी सौम्य उतारावर लहान पावलांनी धावायला सुरुवात करा. एकटे जाऊ नका, कुणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघा, आणि काडेपेटी घरी ठेवा.