नऊ तासांची खुर्ची

एसटीच्या खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरलीय कधी? आमच्या लहानपणी हा हुकमी डाव होता. विमानात तो चालत नाही. तिथे तिकीट काढतानाच सगळ्या खुर्च्यांचा नकाशा समोर येतो, त्यातला आपला चौकोन निवडायचा. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. त्या एका चौकोनापायी मी माझ्या आईच्या गुडघ्याला नऊ तासांची शिक्षा दिली!

आई 72 वर्षांची. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. माझी बहीण लंडनला असते. मुंबईपासून ते सुमारे 7,200 किलोमीटर. आई एकदा साध्या वर्गातून तिकडे गेली होती. उतरताना पाय इतके सुजले होते की चपला चढेनात. "आता लंडन पुरे," असं तिने जाहीर करून टाकलं. पण मग बहिणीला मुलगा झाला. नातवाच्या बारशाला आजी नाही, असं कसं चालेल? आईने एक मुदत ठेव मोडली आणि आम्ही दोघांनी प्रीमियम इकॉनॉमीचं तिकीट काढलं.

हा वर्ग साध्या आणि बिझनेस यांच्या मधला. तैवानच्या एव्हा एअरने आणि इंग्लंडच्या व्हर्जिन अटलांटिकने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो आणला. जास्तीचे पैसे देऊन मिळतं काय? एक टेप घ्या. आपल्या खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत 31 इंच मोजा. साध्या वर्गात दोन रांगांत साधारण एवढंच अंतर असतं. याला म्हणतात पिच. आता 38 इंच मोजा. ते झालं प्रीमियमचं. (ही सगळी जागा पायांना मिळते असं समजू नका हं! खुर्चीच्या पाठीची जाडीही त्यातच आली.) आमचं विमान बोइंग 787 होतं. त्यात साध्या वर्गात एका रांगेत बहुधा नऊ खुर्च्या असतात, तीन-तीन-तीन. प्रीमियममध्ये दोन-तीन-दोन, म्हणजे सात. विमान तेवढंच रुंद, माणसं दोन कमी. म्हणून खुर्ची इंच-दीड इंच रुंद होते.

जाताना मी ऐटीत पहिली रांग निवडली. पुढे कोणी नाही, म्हणजे कोणाची पाठ आपल्या अंगावर येणार नाही! बसल्यावर कळलं, पुढे भिंत आहे. एरवी पुढच्या खुर्चीखाली पाय सरकवता येतात; भिंतीखाली कुठे सरकवणार? पाय ताणायला जावं तर बोटं भिंतीला टेकायची. जेवणाचा ट्रे खुर्चीच्या हातातच दडवलेला, त्यामुळे तो हात वर होईना. औषधांची पिशवी पायाशी ठेवू देईनात, विमान उडताना ती वरच्या कप्प्यात गेली. शिवाय तान्ह्या बाळांचे पाळणे याच भिंतीला लावतात. आमच्या शेजारी एक बाळ होतं. गळा उत्तम! आई काही बोलली नाही. नुसती गुडघा चोळत राहिली. मला मात्र त्या मोडलेल्या ठेवीची लाज वाटत होती.

एक गंमत सांगतो. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हा करत. प्रवासी अवघे 35. वाटेत उतरून पाय मोकळे करायची सोय होती! आता एका दमात जायचं, म्हणून खुर्ची नीट हवी.

बारसं झोकात झालं. परतीच्या आधी मी नकाशा पुन्हा काढला आणि या वेळी आईलाच विचारलं, "पाय कुठे ताणायचा असतो तुला?" ती म्हणाली, "उजवा. उजवीकडेच." मग सगळं सुटलं. डावीकडच्या जोडीतली वाटेजवळची खुर्ची घेतली, की वाट उजव्या हाताला येते. पहिली रांग नको. अगदी शेवटचीही नको. काही विमानांत तिथली पाठ मागच्या पडद्यामुळे पुरती कलत नाही. तिसरी रांग ठरली. खिडकी मला.

खिडकीचीही एक खोच आहे. विमानाच्या खिडक्या पक्क्या असतात, पण खुर्च्या जमिनीतल्या रुळांवर बसवतात आणि कंपनीला हव्या तेवढ्या पुढे-मागे करतात. म्हणून एखाद्या 'खिडकीच्या' जागेला नुसती भिंत येते! नकाशा नीट बघा. आणि निघायच्या आदल्या दिवशी परत बघा, कारण ऐनवेळी विमान बदललं की रांगाही बदलतात. माझी खिडकी शाबूत होती. 787 च्या खिडकीला पडदा नसतो, बटण दाबलं की काच हळूहळू गडद निळी होते. मी तो खेळ इतक्यांदा केला की आईने डोळे वटारले.

सकाळी दहाच्या सुमाराला लंडनहून निघालो. विमान आग्नेयेकडे चाललेलं, ऊन उजवीकडे, त्यामुळे आमची बाजू निवांत. आई दर तासाला उठून एक फेरी मारायची, बसल्या बसल्या पावलं वर-खाली करायची, मधूनमधून पाणी प्यायची. उजवा पाय वाटेत लांब. मी पहारेकरी! "आई, ट्रॉली!" म्हटलं की पाय आत. ट्रॉली गेली की बाहेर. दोनदा मला डुलकी लागली, तेव्हा हवाईसुंदरीनेच हळूच सांगितलं. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो. दुपारचं जेवण पचायच्या आतच बाहेर अंधार पडला.

मुंबईला उतरलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती. आईने खाली वाकून चपला ओढल्या. एक चढली. दुसरीही चढली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तरातरा दाराकडे निघाली. दाराशी पोचल्यावर म्हणाली, "अरे, माझा रुमाल खुर्चीवरच राहिला."

तो आणायला मला उलट्या गर्दीतून तिसऱ्या रांगेपर्यंत जावं लागलं.