नळ उघडून बघू का?

जून 2022 मध्ये लातूरहून रात्रीच्या गाडीनं पुण्यात उतरले. जवळ एक बॅग, डेक्कनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीचं पत्र आणि वहीत उतरवून घेतलेले सहा एजंटांचे नंबर. मैत्रिणीच्या कॉट बेसिसवरच्या खोलीत पंधरा दिवसांची सोय होती. तेवढ्यात घर शोधायचं होतं, आणि घर कसं शोधतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे कुणी भाड्यानं राहिलेलंच नाही.

आईनं निघताना एकच सांगितलं, "बाकी कसं का असेना, आधी पाणी बघ माय."

ती असं का म्हणाली ते लातूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या शहरात पाणी आलं, पहिल्या गाडीत 5 लाख लिटर. मी तेव्हा नववीची परीक्षा दिली होती. नळ कोरडे पडले होते आणि सुट्टीतल्या सकाळी टँकरच्या रांगेत घागर धरून जायच्या. त्यामुळे घर म्हटलं की मला खिडकी, फरशी आठवत नाही, नळ आठवतो.

पण पुण्यात आधी मलाच प्रश्न विचारले गेले. फॅमिली की बॅचलर? एकट्याच? आईवडील अधूनमधून येतील ना? वारज्यातल्या एका सोसायटीत सेक्रेटरींनी विचारलं, "रात्री किती वाजता परत येणार?" माझी दुसरी पाळी साडेनऊला सुटायची, ते मी खरं सांगितलं. संध्याकाळी एजंटचा निरोप आला, फ्लॅट दुसऱ्यांना दिला. अशी तीन घरं गेली. मी कुठल्या चुकीबद्दल नाकारली जातेय तेच मला समजेना. उशिरापर्यंत लोकांचं रक्त तपासायचं हे काम आहे माझं. त्यात दडवण्यासारखं काय आहे?

चौथं घर धायरीत. चावी वॉचमनकडे होती, मालक परगावी. एजंट म्हणाला, "मॅडम, आजच टोकन टाका, उद्यापर्यंत राहणार नाही." मी घाबरून तिथल्या तिथे पाच हजार पाठवले. मालकाशी बोलणं नाही, पावती नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, मालकांचा विचार बदलला. पैसे मागून मागून तीन हजार परत आले, दोन गेले. त्या आठवड्यात मी डबा लावला नाही, लॅबजवळ वडापाव खाल्ला. ज्याचं घर आहे त्याच्याशी स्वतः बोलल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही, हे मी तिथे शिकले.

त्याच घरात आणखी एक गोष्ट कळली, ती फुकट. बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी खडूसारखा पांढरा थर होता, टाइल्सवरही तसेच ओघळ. लॅबमध्ये काचेच्या भांड्यांवर असा थर बसला की आम्ही लगेच ओळखतो, क्षाराचं पाणी. म्हणजे इथे बोअर किंवा टँकर, महापालिकेचं पाणी क्वचितच. त्यानंतर प्रत्येक घरात गेल्या गेल्या मी विचारायची, "नळ उघडून बघू का?" एजंट चकित व्हायचे. लोक आधी पार्किंग विचारतात म्हणे.

शेवटी घर मिळालं ते कर्वेनगरमध्ये, किराणा दुकानाबाहेर चिकटवलेल्या 'खोली भाड्याने देणे आहे' या कागदावरून. जुन्या बंगल्याचा तळमजला, एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. वर आजी एकट्याच. मी नळाचं विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच पुढे होऊन सोडला. आधी तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. "चार महिने बंद होती गं खोली," त्या म्हणाल्या. "पाणी सकाळी येतं, टाकीत चढवतो. एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद असतं, आदल्या रात्री भरून ठेवायचं." साडेनऊच्या पाळीबद्दल सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मग जेवतेस कधी?"

भाडं अकरा हजार, डिपॉझिट तीस हजार. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. मसुदा वाचताना एका वाक्याशी अडले: जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील, मला फक्त वापराची परवानगी. मला ते लागलं. लातूरच्या कोर्टात कारकून असलेल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "1947 च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली, भाडेकरू हलेनात, म्हणून मालक घाबरले. तेव्हापासून ताबा द्यायचा नाही, परवानगी द्यायची." आणि अकरा महिनेच का? "वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला पूर्वी नोंदणी सक्तीची नव्हती. आता तुझ्या करारालाही आहे, 1999 च्या कायद्यानं, मुदत कितीही असो. ती करायची जबाबदारी मालकाची, आणि नाही केली तर शिक्षाही त्यालाच. मुदत संपल्यावर मात्र राहू नकोस, दुप्पट भाडं लागतं." मुद्रांक शुल्काचा हिशेबही त्यांनीच करून दिला. अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी व्याज, या बेरजेवर 0.25 टक्के. तीनशेच्या थोडे वर. नोंदणीचे हजार वेगळे.

करार करून देणारा मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. माझा अंगठा पहिल्या खेपेला लागला. आजींचा लागेना. पदराला पुसून लावला, हात धुऊन लावला, दुसरा अंगठा लावला. यंत्र नाहीच म्हणायचं. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या रेषा पार झिजल्या होत्या, कातडी कागदासारखी गुळगुळीत. चाळीस वर्षं त्यांनी ब्लाउज शिवले, त्यातूनच ही जागा घेतली. आपल्याच घराच्या कागदावर आपला अंगठा उमटेना म्हणून त्या कानकोंड्या झाल्या होत्या. मुलगा शांत होता. "आजी, दहापैकी कुठलंही चालतं," म्हणाला. डाव्या हाताची अनामिका लागली. त्या बोटाला सुई कधी टोचली नव्हती.

मग सामानाची यादी. पंखा एक, ट्यूब दोन, ओटा, कडीकोयंडा. "नळ लिहिलेस का?" आजींनी विचारलं. मुलगा म्हणाला, नळ कुणी लिहीत नाही. "लिही. नळ चार." मी उठून चारही सोडून बघितले, मग सही केली.

पहिल्या रात्री बादली, दोन पातेली, कुकर, पाण्याच्या बाटल्या, सगळं भरून ठेवलं. गुरुवार नव्हता. वरून आजींचा आवाज आला, "अगं, टाकी भरलेली आहे."

"हो आजी," म्हटलं, आणि तांब्या नळाखाली धरला.