उजवीकडून डावीकडे

माणूस परदेशात गेला की त्याची पहिली फजिती बहुधा भाषेमुळे होते. माझी झाली ती एका भिंतीमुळे.

१९७९ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी बगदादला पोचलो. त्या काळी तेलाच्या पैशाने इराकमध्ये रस्ते, पूल, घरे यांची नुसती झुंबड उडाली होती आणि आपल्याकडची पुष्कळ माणसे तिकडे कामाला जात होती. मी एका बांधकाम कंपनीत नकाशे काढणारा म्हणून गेलो. सुट्टी शुक्रवारची. पहिल्याच शुक्रवारी एकटाच भटकत तहरीर चौकात आलो. पलीकडे जम्हूरिया पूल, त्याखाली संथ वाहणारी तैग्रिस, आणि चौकात जमिनीपासून बरीच उंच उचललेली एक प्रचंड पांढरी भिंत. लांबी पन्नास मीटर, उंची दहा मीटर. तिच्यावर ब्राँझची चौदा शिल्पे. एकेक शिल्प दोन मजली घराएवढे!

मी आपल्या सवयीने डावीकडून पाहायला सुरुवात केली. आधी कामगार दिसला. मग शेतकरी, बैल, आणि नद्यांसारख्या शांत उभ्या असलेल्या दोन स्त्रिया. मग मशाल घेतलेली बाई, गज तोडणारा सैनिक, तुरुंगातला कैदी, मेलेल्या मुलाला कवटाळणारी आई, आणि अगदी शेवटी एक उधळलेला घोडा. मला वाटले, काय विलक्षण देश आहे हा! सुखाने सुरुवात करतो आणि आकांताने शेवट.

दुसऱ्या दिवशी हा शोध मी आमच्या कचेरीतल्या एका वयस्क इराकी नकाशाकाराला ऐकवला. सगळे त्याला 'अम्मो' म्हणत, म्हणजे काका. अम्मो इतका हसला की त्याच्या पेल्यातला चहा नकाशावर सांडला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "अरे, तू गोष्ट शेवटापासून वाचलीस. आम्ही उजवीकडून लिहितो. ती भिंत म्हणजे आमच्या कवितेची एक ओळ आहे. घोड्यापासून सुरुवात कर."

पुढच्या शुक्रवारी मी घोड्यापासून सुरुवात केली. मग सारेच बदलले. आधी उठाव, मग शोक, मग कैद. ऐन मध्यावर सैनिक गज तोडतो, आणि तिथून पुढे स्वातंत्र्य, शांतता, तैग्रिस आणि युफ्रेटिस, शेत, बैल, काम. शेवटी सुख होते खरे. पण ते पाहायचे तर आधी त्या आईजवळून जावे लागत होते.

हे स्वातंत्र्यस्मारक घडवणाऱ्याचे नाव जवाद सलीम. त्याची कथा मला अम्मोने तुकड्यातुकड्यांनी सांगितली आणि उरलेली मी पुढे आयुष्यभर जमेल तिथून वाचत गेलो. ती इतकी मनाला लागण्याचे कारण वेगळे आहे. ते ओघाने येईलच.

जवादचा जन्म १९१९ साली अंकाराला झाला. वडील तुर्की अमलातल्या सैन्यात अधिकारी आणि हौशी चित्रकार. मूळचे कुटुंब मोसुलचे; पुढे ते बगदादला येऊन राहिले. भाऊ सुआद आणि निझार, बहीण नझीहा, सगळेच कलेच्या नादाचे. घरातच रंगाचा वास होता म्हणायचा. १९३८ मध्ये जवाद शिकायला पॅरिसला गेला, तिथून रोमला. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि शिक्षण अर्धे टाकून त्याला घरी परतावे लागले.

पण कधी कधी अडलेले पाऊलच योग्य जागी पडते. बगदादला त्याने पुराणवस्तू खात्यात काम धरले. सुमेरियन आणि असीरियन मूर्तींची डागडुजी करायची, त्यांची प्रतिरूपे तयार करायची. पाच हजार वर्षांपूर्वीचे कारागीर हेच त्याचे दुसरे गुरू झाले. त्या लोकांच्या दंडगोल मुद्रा असत. बोटाच्या पेराएवढा दगड, त्यावर उलटी कोरलेली चित्रे. ओल्या मातीवरून तो फिरवला की मातीत एक लांबलचक चित्रपट्टी उमटते. तहरीर चौकातली ती पन्नास मीटरची पट्टी पाहिली की वाटते, कोणी राक्षसाने तसलीच एक मुद्रा आकाशावरून फिरवली आहे.

त्याच वेळी तो बगदादच्या ललितकला संस्थेत मूर्तिकला शिकवू लागला होता. युद्धाच्या धामधुमीत पोलंडच्या सैन्याबरोबर काही चित्रकार बगदादला आले. त्यांच्या सहवासात त्याला रंगांची नवी दृष्टी मिळाली. १९४६ ते १९४९ तो लंडनच्या स्लेड कलाशाळेत होता. तिथे त्याला हेन्री मूरच्या शिल्पांचे वेड लागले आणि लॉर्ना नावाची चित्रकार मुलगी भेटली. पुढे ती त्याची पत्नी होऊन बगदादला आली.

परतल्यावर १९५१ मध्ये जवाद आणि शाकिर हसन अल सईद यांनी 'बगदाद आधुनिक कला मंडळ' काढले. त्यांचे म्हणणे वरवर साधे होते. आधुनिक व्हायचे म्हणून पॅरिसची नक्कल करायची नाही, आणि इराकी व्हायचे म्हणून पूर्वजांची नक्कल करायची नाही. तेराव्या शतकात याह्या अल वासिती नावाच्या चित्रकाराने हरीरीच्या मकामांची पोथी रंगवली होती. १२३७ सालची ती पोथी आज पॅरिसला आहे. पुढे १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद बुडवले आणि तो धागा तुटला. तुटलेला धागा पुन्हा हाती घ्यायचा, पण विणायचे आजचे वस्त्र, असा या तरुणांचा निश्चय होता. जवादच्या त्या वर्षांतल्या चित्रांत बगदादच्या गल्ल्या आहेत, कलिंगडवाला आहे, खेळणारी पोरे आहेत, आणि जिकडेतिकडे चंद्रकोरी आहेत.

आता माझे सांगतो.

मी पेणचा. आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे तरी काय? ओसरी, पडवी आणि मागचा मांडव. शाडूची माती मळायची, साच्यात दाबायची, सुकली की सांधे घासायचे, रंग द्यायचा. शेवटी डोळ्यांची आखणी. ती फक्त अण्णांनी करायची. आखणी होईपर्यंत ती माती. आखणी झाली की अण्णासुद्धा मूर्तीकडे पाठ करून बसत नसत.

मुंबईला कलाशाळेत दोन वर्षे काढून मी परत आलो तो नाकात वारा भरूनच. वर्षानुवर्षे तेच साचे, तीच सोंड, तोच मोदक! मी अण्णांना तोंडावर म्हणालो, "ही कला नव्हे, ही छपाई आहे." अण्णा काही बोलले नाहीत. हातातली कुंचली तेवढी पाण्यात बुडवून ठेवली. पुढे माझ्या हातून कलाही झाली नाही आणि छपाईही नाही. नकाशे काढायला शिकलो आणि बगदाद गाठले.

आणि तिथे, त्या भिंतीखाली, पहिल्यांदा माझ्या मनात आले की ज्याला मी छपाई म्हणून हिणवले, त्याच छपाईतून या माणसाने आपला देश उभा केला. दोष साच्याचा नव्हता. साच्याकडे पाहायला मला डोळे नव्हते.

स्मारकाची गोष्ट राहिलीच. १४ जुलै १९५८ ला इराकमधली राजेशाही कोसळली. नवे सत्ताधीश अब्दुल करीम कासिम यांच्या सरकारने जवादला स्मारकाचे काम दिले. मिरवणुकीत धरतात तसल्या लांब फलकासारखी भिंत कल्पिली ती वास्तुकार रिफअत चादिरजी याने. तिच्यावरची शिल्पे जवादची. कासिमची प्रतिमा त्यात घालावी अशी सूचना होती म्हणतात. जवादने ती घातली नाही. राजे, सेनापती, पुढारी यांपैकी कोणीच त्या भिंतीवर नाही. ओतकाम इटलीत, फ्लॉरेन्सला झाले. मोहम्मद गनी हिकमत हा त्याचा शिष्य मदतीला होता. वेळ थोडा, काम अफाट. जवादची प्रकृती तिथेच ढासळली. तरी तो परतला आणि शिल्पे वर चढवण्याच्या कामाला लागला. २३ जानेवारी १९६१ ला हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय अवघे ४१. पुरे झालेले स्मारक त्याने पाहिलेच नाही. राहिलेल्या कामावर लॉर्नाने देखरेख केली, आणि त्याच वर्षी स्मारक खुले झाले.

अम्मोने हे सांगितले त्या दिवशी तो हसत नव्हता. "मी तरुण होतो," तो म्हणाला. "तो गेल्यावरही शिल्पे वर चढत होती, ते मी रोज पाहायचो. रोज वाटायचे, आता तो खाली येऊन उभा राहील आणि म्हणेल, जरा डावीकडे घ्या."

१९८० च्या आषाढात अण्णांचे पत्र आले. चि. यास अनेक आशीर्वाद, पाऊस बरा आहे वगैरे झाल्यावर खाली दोन ओळी होत्या. हात कापतो. आखणी साधत नाही. जमल्यास हंगामापुरता ये.

वाचकहो, मला रजा मिळाली नाही असे मी पुढे कित्येकांना सांगितले. खरे असे की मी रजा मागितलीच नाही. गेलो तर अण्णांच्या शेजारी पाटावर बसावे लागेल, कुंचली हातात घ्यावी लागेल, आणि मला ते येत नाही हे त्यांना कळेल, याची मला लाज वाटली. छपाई म्हणणाऱ्याला छपाईसुद्धा येत नव्हती.

श्रावणाच्या सुरुवातीला तार आली. ती हाती पडली तोवर सारे होऊन गेले होते. त्या संध्याकाळी मी चौकात गेलो आणि भिंतीखाली उभा राहिलो. त्या दिवशी मी मधल्या सैनिकापर्यंत पोचलो नाही. आईच्या शिल्पापाशीच थांबलो.

सप्टेंबरात इराण-इराक युद्ध सुरू झाले. आम्ही काही जण मोटारीने वाळवंट तुडवत अम्मानला आलो आणि तिथून विमानाने मुंबईला. घरी पोचलो तो दिवाळीच्या तोंडावर. अंगणात कंदील लागलेला नव्हता. मी आईला विचारले, "या साली आखणी कोणी केली गं?"

"मी," आई म्हणाली. "तीस वर्षं रंग घोटून दिले त्यांना. बघत नव्हते होय? सुतक फिटलं आणि बसले. लोकांचे गणपती अडवून कसं चालेल?"

मला लॉर्ना आठवली. मग आईने कोनाड्यातून एक मूर्ती काढली. रंग झालेला, डोळे कोरे. म्हणाली, "ही तुझ्यासाठी ठेवलीय."

पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या भिंतीने काय काय पाहिले! खुद्द कासिम १९६३ मध्येच मारला गेला होता. मी बगदादला पोचलो तेव्हा, ज्याने ती भिंत कल्पिली तो चादिरजी त्याच शहराबाहेर अबू ग़रेबच्या तुरुंगात होता; हे मला फार उशिरा समजले. स्वातंत्र्याच्या स्मारकाखालून मी दर शुक्रवारी जात होतो आणि त्याचा कर्ता गजांआड होता. एप्रिल २००३ मध्ये बगदादची आधुनिक कलेची दालने लुटली गेली. जवादचे 'मातृत्व' हे लाकडी शिल्पही गेले; हिकमतने खटपट करून आणि पदरचे पैसे मोजून ते परत मिळवले. शिष्य असावा तर असा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मी दूरदर्शनवर तोच चौक पाहिला. हजारो तरुण पोरेपोरी त्या भिंतीखाली जमली होती. नोकऱ्या द्या, चोरी थांबवा, देश आम्हाला द्या, असे त्यांचे मागणे. गोळीबारात शेकडो मेले. जखमींना इस्पितळात नेत होत्या तीनचाकी रिक्षा, तिकडे त्यांना टुकटुक म्हणतात. त्यांतल्या कितीतरी आपल्याकडे बनलेल्या. त्या मुलांनी आपल्या वर्तमानपत्राचे नावही 'टुकटुक' ठेवले होते. वर ब्राँझची आई मुलाला कवटाळून, आणि खाली खरी आई. पन्नास मीटरच्या त्या ओळीत इराक अजून अर्ध्यातच अडकला आहे असे वाटले. पण ओळ कुठे जाते हे जवादने लिहून ठेवले आहे, आणि त्या पोरांना ती कुठल्या बाजूने वाचायची हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

ते कोरे डोळे सांगायचे राहिले. त्या दिवाळीत मी पाटावर बसलो. अण्णांची कुंचली, आईने घोटलेले काजळी रंग. पट्टी धरून रेघा ओढायची सवय झालेला माझा हात. पहिली भुवईच वाकडी गेली. मी कुंचली खाली ठेवली. आईने ओल्या फडक्याने ती भुवई पुसली, मूर्ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "पुन्हा कर. हात गेलेला नाही तुझा, गंजलाय."

सातव्या वेळी जमले. ती मूर्ती अजून कोनाड्यात आहे. उजवा डोळा किंचित मोठा आहे. आता दर हंगामात आखणीला मीच बसतो, आणि का कोण जाणे, सुरुवात उजव्या डोळ्यापासून करतो.