घरघर आणि फडफड

मराठीत आवाजांना जितकी नावे आहेत तितकी बहुधा आजारांनाही नसतील. घरघर, खरखर, करकर, किरकिर, फडफड, टकटक. मिनेसोटातल्या एका गॅरेजच्या काउंटरपाशी उभा असताना मात्र यांतला एकही शब्द माझ्या उपयोगाचा नव्हता. हीटर लावला की आवाज येतो, एवढेच मी इंग्रजीत सांगू शकलो. समोरच्या तरुणाने बॉनेटही न उघडता एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर गेल्याचे निदान केले आणि एक आकडा लिहून दिला. माझा पिकअप ट्रक १९९४ सालचा; विकला असता तर जेमतेम तेवढेच पैसे आले असते.

मी ट्रक परत आणला आणि रेडिओ मोठा केला. (हा उपाय मी एकटाच करतो असे नव्हे.) पण तिथल्या हिवाळ्यात ब्लोअरवाचून भागत नाही. श्वासाची वाफ काचेला आतून धरते, गोठते, आणि गरम हवा काचेवर आली नाही तर समोरचा रस्ताच नाहीसा होतो.

त्या डिसेंबरात आई आली होती. ब्लोअरची जागा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, म्हणजे चालकाशेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांपाशी. तो आवाज माझ्यापेक्षा तिलाच जवळचा. "म्हातारा झालाय, घरघर लागलीय त्याला," मी म्हणालो. तिने रेडिओ बंद करायला लावला.

"ही घरघर नाही. घरघर मी ऐकली आहे. हे काहीतरी फडफडतंय."

वडिलांच्या अखेरच्या रात्री ती त्यांच्या उशाशी होती. मी विमानात होतो. मी काही बोललो नाही. ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि इंजिन बंद करून नुसती चावी फिरवली.

फडफड चालूच होती. इंजिन बंद असताना कॉम्प्रेसर फिरतच नाही, आणि एवढ्या थंडीत एरवीही तो सहसा चालू होत नाही. तो आकडा तिथेच रद्द झाला. पंख्याचा वेग एकेक पायरी वाढवला, तशी फडफड जलद झाली. हवेची दिशा पायांकडून काचेकडे वळवली, तरी फरक नाही. म्हणजे आतल्या झडपा निर्दोष. मग पंखा बंद करून दोघे ऐकत बसलो. कोरडे पडलेले बेअरिंग किंचाळते आणि पंखा लवकर अडतो. हा सावकाश, निवांत थांबला, शेवटपर्यंत फडफडत. मोटर शाबूत होती. पंख्यात काहीतरी अडकले होते.

घरी आल्यावर वायरीचा प्लग काढला, तीन स्क्रू सोडवले, मोटर खाली ओढली. तिच्या टोकाला पिंजऱ्यासारखा गोल पंखा असतो. त्याच्या पात्यांत मेपलची वाळलेली पाने, कापसाच्या पुंजक्या, बियांची टरफले: उंदराचे घरटे. बाहेरची हवा काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत येते, आणि त्या काळच्या माझ्या ट्रकात केबिन फिल्टर नावाची वस्तूच नाही.

ब्रश घेऊन झटकायला हात पुढे केला आणि आठवले. १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसे श्वास कोंडून दगावली होती. कारण ठरला हंटाविषाणू. तो डिअर माउस नावाच्या उंदराच्या वाळलेल्या मलमूत्राच्या धुळीतून श्वासात जातो. हे उंदीर मिनेसोटातही आहेत. असे घरटे कोरडे झाडायचे नसते. हातमोजे, मास्क घालून मी ते ब्लीचच्या पाण्याने भिजवले, थांबलो, आणि मग कागदाने उचलले. जाळीवर आतून बारीक तारेची जाळी बसवली. सारा खर्च एका जेवणाइतका.

संध्याकाळी आईने झरोक्यापुढे तळहात धरला. "आता नुसती हवा आहे," ती म्हणाली.

पण बारा दिवस ती त्याच जागी बसून तीच हवा घेत होती. या आजाराची लक्षणे दिसायला आठवड्यापासून आठ आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो. ती मार्चमध्ये परतली. तोवर रोज रात्री तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहून मी तिचा श्वास ऐकत असे. तिला हे अजून सांगितलेले नाही.