सायकलीवरून कोकणकिनारा : देवळी ते रत्नागिरी

आपल्या वस्तीतील माणसे प्रवासाला निघतात ती ठरलेल्या तारखांना. विजयादशमीला नागपूर, सहा डिसेंबरला दादर, जमले तर वीस मार्चला महाड. कधी ट्रकने, कधी रेल्वेत उभ्या उभ्याने. लग्नाचा आणि मयतीचा प्रवास निराळा. पण "आम्ही नुसते फिरायला गेलो होतो" असे सांगणारे कुटुंब आमच्या देवळीत शोधावे लागेल. फिरणे हे पगारी रजा असणाऱ्यांचे काम, असे आपण धरून चाललो आहोत. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता बारा दिवस फिरलो, तेही सायकलीवर, तंबू पाठीशी बांधून. त्याची ही हकीकत.

आमच्यापैकी एक जिनिंगमध्ये हंगामी कामगार, दुसरी घरी शिलाई मशीन चालवणारी. कापसाची आवक थांबली की जिनिंग बंद, आणि जयंतीचे कपडे शिवून दिले की मशीनही थंड. मुले आपापल्या कामाला लागलेली. एप्रिल अखेरीस हात रिकामे आणि डोक्यावर पंचेचाळीस अंशांचे ऊन, ही दर वर्षीची गत.

कल्पना मात्र दूरची. वाचनालयातील एका जुन्या अंकात एका जोडप्याचे छायाचित्र होते. नॉर्वेच्या समुद्रकाठाने दोघे सायकलीवर निघालेली, मागे पिशव्या, रात्री तंबू. त्या देशाच्या उत्तर टोकाला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही, म्हणजे रात्री अकरालाही तंबूच्या खुंट्या उन्हात ठोकायच्या. गंमत वाटली. पण आमचे लक्ष वेधले ते तिथल्या कायद्याने. नॉर्वेत १९५७ सालापासून असा कायदा आहे की न कसलेल्या मोकळ्या जमिनीवर, मालक कोणीही असो, कुणालाही हिंडता येते आणि तंबू लावता येतो. राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर राहायचे, एका जागी दोन रात्रींहून अधिक थांबायचे असेल तर मालकाला विचारायचे, घाण करायची नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्येही असाच रिवाज आहे. बर्फाच्या डोंगरांपेक्षा हा कायदा आम्हाला अधिक आवडला. त्यात आडनावाचा रकाना नाही.

नॉर्वे आपल्या खिशातला नव्हे. पण समुद्र आपल्या राज्यालाही आहे, आणि देवळीच्या माणसाला कोकण तरी कुठे जवळ आहे!

सायकली साध्याच घेतल्या, एक चोवीस इंची आणि एक लेडीज. दोन्हींना नवे टायर, नवे ब्रेकचे रबर. नागपूरहून दोन माणसांचा हलका तंबू आणला. सोबत पंप, पाना, सोल्युशन, दोन ट्यूबा, एक पातेले, तांदूळ, पोहे आणि डबाभर जवसाची चटणी. तेव्हा देवळीला रेल्वे नव्हती (वर्धा-कळंब मार्ग २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला), म्हणून वर्ध्यापर्यंत सायकलीनेच गेलो, सायकली ब्रेकव्हॅनमध्ये चढवल्या आणि सेवाग्राम एक्सप्रेसने मुंबई गाठली. तिथे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट मिळते. सायकलीसह बोटीत शिरलो तेव्हा मोटारवाल्यांनी वळून पाहिले, एवढेच.

अलिबाग, रेवदंडा, मुरूड हा भाग आम्ही भराभर मागे टाकला. शनिवार-रविवारची मुंबई तिथे येऊन पडलेली असते आणि चहासुद्धा मुंबईच्या भावाने मिळतो. आगरदांड्याला खाडी ओलांडून दिघीला उतरल्यावर रस्ता मोकळा झाला. कोकणात सायकल चालवणे म्हणजे काय ते इथे कळले. दर दोन-चार तासांनी एक खाडी. खाडीपर्यंत उतार, पलीकडे छातीवर येणारा चढ. उतारावर जेवढा आनंद, तेवढेच पुढे सायकल हाताने ढकलणे. माणसे, गाड्या, म्हशी सारे एकत्र पलीकडे नेणाऱ्या सपाट बोटीला इकडे जंगलजेटी म्हणतात.

ऊन आमच्या मानाने काहीच नव्हते, पण घाम! विदर्भातले ऊन अंग भाजते आणि घाम वाळवते. इथे पारा तेहतीस-चौतीसवर असला तरी अंगावरचा सदरा वाळत नाही. आम्ही पहाटे पाचला निघून दहाला थांबू लागलो. पुन्हा चारला निघायचे. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर पुष्कळ झाले. दुपारी आंब्याखाली पडून राहायचे आणि कोकमाचे पाणी प्यायचे.

आता तंबूची गोष्ट. आपल्याकडे भरतीच्या रेषेखालचा किनारा सरकारचा, म्हणजे सर्वांचा. पण तिथे तंबू लावला तर रात्री समुद्र येतो. रेषेच्या वर नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्या कुणाच्या तरी मालकीच्या. तेव्हा विचारावे लागते, आणि विचारले की समोरचाही विचारतो. एका गावी वाडीचे मालक बोलायला फार चांगले होते. जागा दाखवली, विहिरीचा दोर कुठे अडकवलेला असतो तेही दाखवले. मग म्हणाले, "कुठले तुम्ही?" वर्ध्याकडचे. "आडनाव काय म्हणालात?" सांगितले. जरा थांबून म्हणाले, "रात्री इथे साप फार निघतात. तुम्ही पुढचे गाव बघा कसे." साप निघत असतीलही. आम्ही दोर होता तिथेच ठेवला आणि अंधारात आणखी सहा किलोमीटर सायकल हाकली.

त्या रात्री आम्ही दोघे फार बोललो नाही. परत फिरावे का, हा प्रश्न एकदा निघाला. नॉर्वेचा कायदाही आठवला. पण कायदा म्हटला की आपल्याला महाड आठवणारच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुलेही केले. तरी पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब आणि हजारो माणसे चालत गेली तेव्हा. आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडले. ठरले, पुढे जायचे.

आणि पुढचा मुक्काम त्याच इतिहासाच्या काठावर निघाला. हरिहरेश्वराच्या पुढे बागमांडल्याहून जंगलजेटीने वेशवीला उतरतात. मधली खाडी म्हणजे बाणकोटची, सावित्री नदीचे मुख. हीच सावित्री वर महाडकडून येते. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतची मंडळी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाली आणि २५ तारखेला याच खाडीतून दासगावला उतरली. तिथून पुढे महाडला. मंडपाला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. जंगलजेटीच्या कठड्याला धरून आम्ही वरच्या अंगाला पाहत राहिलो. रुंद, संथ, गढूळ पाणी आणि दोन्ही काठांना खारफुटी. सायकल पडेल म्हणून खलाशी ओरडला तेव्हा भानावर आलो.

त्या रात्री खाडीकाठच्या एका मुस्लिम घराच्या अंगणात तंबू लागला. घरातल्या आजींनी आडनाव विचारले नाही. "बाई, तू पण सायकल चालवत आलीस? एवढ्या लांबून?" हाच प्रश्न त्यांनी चार वेळा विचारला आणि दर वेळी तांदळाची एक भाकरी वाढली.

वेशवीहून वेळासला जाऊन आलो. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. गावकरी ती जाळीच्या कुंपणात राखतात आणि पिल्ले पाण्यात सोडतात. हंगाम सरत आलेला, आम्हाला पिल्ले दिसली नाहीत. मग मंडणगडचा घाट चढून आंबडवे. बाबासाहेबांचे हे मूळ गाव. आजूबाजूला डोंगर, भाताची उघडी खाचरे, लाल माती. चाकरमानी मुंबईहून सुट्टीला आलेले होते. बौद्धवाडीत आम्हाला पाहून आधी हशा, मग "जयभीम, कुठनं?" आणि देवळी म्हटल्यावर नागपूरच्या दीक्षाभूमीपासून ती किती लांब याची चौकशी. कोकणातली आपली माणसे मुंबईकडे तोंड करून जगतात, आपण विदर्भातले नागपूरकडे. एकमेकांच्या गावी कोणी जात नाही.

दापोलीजवळ वणंद हे रमाईचे माहेर. १८९८ साली जन्मलेल्या रमाईचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावरून माशांच्या टोपल्या डोक्यावर वाहून पोट भरीत, हे आपण लहानपणापासून भाषणांत ऐकतो. दापोलीहून दाभोळला आम्ही सायकलीवर उतरलो तेव्हा त्या वाक्याचे वजन कळले. तो उतार आम्हाला ब्रेक दाबून दाबून कठीण गेला. ओल्या माशांची टोपली घेऊन असल्या वाटा कोणी रोज चढत असेल तर त्याची मान आणि गुडघे कसे राहत असतील? आमच्यातली एक वणंदला बराच वेळ पायरीवर बसून होती. घाई केली नाही.

दाभोळहून जंगलजेटीने धोपाव्याला, तिथून गुहागरकडे. पाच मे, वैशाख पौर्णिमा. बौद्धवाडीतल्या विहारात सकाळी वंदना झाली, खीर मिळाली. संध्याकाळी किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपाशी तंबू उभारू लागलो तर मासळीची पाटी घेऊन चाललेली एक कोळीण थांबली. म्हणाली, "पुनवेचं उधाण हाय. त्या वाळल्या शेवाळाची रेघ बघा, पाणी तिथवर येनार. वर सरका." आम्ही सरकलो. मध्यरात्री उठून पाहिले तर चांदण्यात पाणी त्या रेघेला चाटत होते, तंबूपासून वीस पावलांवर. नदीसुद्धा उन्हाळ्यात आटणाऱ्या मुलखातली आम्ही माणसे, झोप येणार कशी! पहाटेपर्यंत बसून राहिलो.

तवसाळ-जयगड ही शेवटची जंगलजेटी, मग गणपतीपुळ्याची गर्दी टाळत रत्नागिरी. इथे थिबा राजवाडा जरूर पाहावा. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. त्याचे वडील मिंडोन यांनी १८७१ साली मंडाले येथे पाचवी धम्मसंगीती भरवली होती आणि सारे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले होते. १८८५ साली इंग्रजांनी थिबाला पदच्युत केले, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले, आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षे! उंचावरच्या त्या वाड्यातून समुद्र आणि खाडी दिसते, पण सरकारच्या परवानगीवाचून त्याला रत्नागिरीबाहेर जाता येत नव्हते. त्याची समाधी गावातच आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे कोणीच नव्हते. दोन मेणबत्त्या लावल्या.

परतीला सायकली पुन्हा ब्रेकव्हॅनमध्ये. वर्ध्याला उतरलो ते भर दुपारी. स्टेशनाबाहेर ऊन असे की रस्ता दिसेना. सूर्य कलेपर्यंत फलाटावर थांबलो, मग देवळीची वाट धरली. वस्तीत शिरताच पहिला प्रश्न आला, "किती खर्च झाला?" रेल्वेभाडे, सायकलींचे पार्सल, जेट्या, खाणे धरून दोघांचे नऊ हजार रुपये, तंबू वेगळा. शेजारच्या वहिनींनी तंबू अंगणात उभा करून पाहिला. त्यांची दोन मुले रात्री त्यातच झोपली.